खंडेनवमीला उघडलेला पंप

दिराची गाडी दारात येऊन उभी राहिली आणि शकुनच्या तोंडची चव गेली. खरं म्हणजे गाडी जुनीच होती. फोर्ट विल्यमच्या लष्करी लिलावात घेतलेलं, रंग उडालेलं, एक दार सुतळीने बांधलेलं असं ते अमेरिकन धूड होतं. पण गुरुदत्तने त्यातलं पेट्रोलचं इंजिन काढलं, विलायती डिझेल इंजिन बसवलं आणि तिथेच शकुनचं दुखणं सुरू झालं. डिझेल पेट्रोलच्या मानाने फारच स्वस्त. तेवढ्याच पैशांत श्यामरावची टॅक्सी धरमतल्याला जाऊन येई, तर गुरुदत्तची गाडी दिवसभर फिरून वर गुरगुरत दारात येऊन उभी राही.

श्यामराव थोरला, गुरुदत्त धाकटा. त्यांचे वडील गोंदियाकडून इकडे बंगालात रेल्वेत फिटर म्हणून आले ते गार्डन रीचलाच राहिले आणि तिथेच वारले. मागे दोन खोल्या, एक ओसरी आणि एक हत्यारांची पेटी ठेवून गेले. त्यात दोन भाऊ, दोन जावा आणि सासूबाई. दोघींपैकी कुणालाच अजून मूल नव्हतं. तेवढी एक गोष्ट बरोबरीची होती, बाकी सगळ्यात शकुन पुढे होती. ती थोरली, तिचा नवरा टॅक्सीचा मालक, गल्लीतले लोक तिला "टॅक्सीवाली बऊदी", म्हणजे टॅक्सीवाली वहिनी, म्हणत. धाकटी प्रेमलता मामाच्या घरी वाढलेली, दोन लुगड्यांवर आलेली पोर. तिने पुढे जायचं ठरवलं असतं तरी कशाच्या जोरावर जाणार? पण डिझेलच्या जोरावर ती गेली.

गुरुदत्तला एका ताग कंपनीच्या साहेबांना ने-आण करण्याचं महिन्याचं काम मिळालं. ठरलेली वेळ, ठरलेला पगार. सासूबाई कालीघाटाला जायच्या तर आता डिझेलगाडीतून, पुढच्या सीटवर बसून. परत आल्या की ओसरीवर पाय सोडून सांगायच्या, "हिच्यात बसलं की आपण आगबोटीत बसल्यासारखं वाटतं बाई." शकुन आत पिठाचा गोळा परातीत आपटायची.

पहाटे उठून गल्लीतल्या नळावरून बादल्या आणायच्या आणि नवऱ्याची टॅक्सी धुवायची, हे शकुनचं लग्न झाल्यापासूनचं काम. आता तिच्या शेजारीच उकिडवी बसून प्रेमलता डिझेल गाळत असे. डब्यावर नरसाळं, नरसाळ्यात जाड फडकं, आणि बारीक धारेने तेल ओतायचं. गुरुदत्त तिला बजावायचा, "कचऱ्याचा एक कण पंपात गेला तर गाडी बसली. पेट्रोलच्या गाडीला खोकला येतो, हिला थेट झटकाच." प्रेमलताच्या हातांना डिझेलचा वास कायमचा चिकटला होता. भाकरीलाही तो लागायचा. सासूबाईंना टॅक्सीच्या पेट्रोलच्या वासाने पूर्वी मळमळायचं, पण डिझेलच्या वासाबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. शकुनने हेही मनात नोंदवून ठेवलं होतं.

ती नवऱ्याला टोचायची. "अहो, तुम्हीही इंजिन बदला की."

"पैसे कुठले?" श्यामराव म्हणायचा. "आणि गुरू पुढे गेला तर आपलं काय बिघडलं? लहानपणी तो माझ्या खांद्यावर बसून रथ बघायचा. आता आपण त्याच्या गाडीत बसू."

एवढं बोलून तो कुशीवर वळून घोरू लागायचा. नवऱ्याच्या वाटणीचा हेवासुद्धा शकुनला एकटीलाच करावा लागत होता. त्यामुळे तो दुप्पट झाला होता.

आश्विन आला. गल्लीच्या तोंडाशी दुर्गेचा मंडप उभा राहिला, ढाक या बंगाली ढोलाचा आवाज सकाळपासून कानात घुमू लागला. बंगाल्यांची यंत्रांची पूजा भाद्रपदातच झालेली असते, पण या घरात खंडेनवमी व्हायची ती वडिलांच्या रिवाजाने. वडील म्हणायचे, झाकलेल्या हत्याराची पूजा म्हणजे झोपलेल्या पाहुण्याला वाढलेलं ताट. म्हणून जे काही उघडता येईल ते उघडायचं, पुसायचं, पाटावर मांडायचं, पूजा करायची आणि दुपारच्या आत पुन्हा जोडायचं. श्यामरावच्या टॅक्सीचे प्लग आणि कार्ब्युरेटर पाटावर यायचे. यंदा गुरुदत्तने इंजिनात डिझेल सोडणारा पंप उघडायचं ठरवलं.

"पंप कशाला रे?" श्यामराव म्हणाला. "रात्री नवमीची गर्दी आहे. चालतं आहे ते चालू दे."

"बाबा असते तर त्यांनी सोडलं असतं का?" गुरुदत्त म्हणाला.

पहाटेच गुरुदत्तने पंप खाली उतरवला. आतून चार पोलादी दांडे निघाले, करंगळीएवढे, आरशासारखे लखलखीत, आणि ते ज्यांत वरखाली होतात त्या चार नळ्या. चार वाट्यांत त्याने स्वच्छ डिझेल ओतलं आणि एकेका वाटीत एकेक दांडा त्याच्या नळीसकट बुडवून ठेवला. वाट्या पाटावर ओळीने मांडल्या.

"वहिनी," तो म्हणाला, "दिसायला चारही सारखे आहेत, पण प्रत्येकाची जोडी ठरलेली आहे. कारखान्यात एकमेकांवर घासून बसवलेले असतात. ह्याचा दांडा त्याच्या नळीत गेला की संपलं. कुंकू, अक्षता यांच्यावर नको, कण जाईल. नुसतं फूल दाखवा."

"बरं भावजी," शकुन म्हणाली.

पूजा नेहमी थोरल्या सुनेच्या हातची. पहिलं कुंकू श्यामरावच्या टॅक्सीला, मग बाकीच्यांना. शकुन तबक घेऊन ओसरीच्या पायऱ्या उतरली आणि सवयीने टॅक्सीकडे वळली.

"इकडे आधी," सासूबाई मागून म्हणाल्या. "यंदा पहिलं कुंकू गुरूच्या गाडीला. घरात लक्ष्मी तिच्या पायांनी आली आहे."

समोरच्या घरातल्या बायका खिडकीत उभ्या होत्या. शकुनचा हात तबकासकट हवेत राहिला. तिने श्यामरावकडे पाहिलं. तो टॅक्सीच्या चाकाला झेंडूची माळ बांधत होता. "आई म्हणते तसं कर," तो वरही न बघता म्हणाला. शकुन वळली आणि तिने त्या सुतळी बांधलेल्या धुडाला कुंकू लावलं. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

ती फुलं घेऊन आत आली तेव्हा पाटाजवळ कुणी नव्हतं. बाहेर सगळे गाडीला नारळ वाढवत होते. शकुन वाकली. मधल्या दोन वाट्यांतले दांडे तिने चिमटीत धरून उचलले आणि एकाच्या जागी दुसरा ठेवला. डिझेल तिच्या मनगटावर ओघळलं, ते तिने पदराला पुसलं. चार वाट्यांवरून फूल फिरवलं. गाडी थोडी खोकेल, चार दिवस दारात उभी राहील, लोक बघतील, एवढंच तिच्या मनात होतं.

दुपारी प्रेमलता एकेक वाटी हातात देत गेली आणि गुरुदत्त पंप जोडत गेला. एक दांडा त्याला किंचित जड वाटला. "थंडगार तेलामुळे असेल," तो स्वतःशीच म्हणाला. उशीर होत होता. इंजिन चालू झालं तेव्हा पांढरा धूर निघाला, मग तो विरला, आणि शकुनची निराशा झाली.

संध्याकाळी गुरुदत्तने घरातल्यांना भवानीपूरचे मंडप दाखवायला नेलं. श्यामराव टॅक्सी घेऊन केव्हाच बाहेर पडला होता. सासूबाई म्हणाल्या, "प्रेमा, तू पुढे बस, आज तुमचा दिवस आहे." शकुन मागे बसली. पुढे प्रेमलताच्या अंबाड्यात घातलेला गजरा गाडीच्या हादऱ्यांबरोबर हलत होता, आणि सबंध रस्ताभर शकुन त्याच्याकडेच बघत होती.

खिदिरपूरच्या पुलाच्या चढावर गाडीला एक आचका बसला. इंजिनातून पोलाद मोडल्यासारखा कडकन आवाज आला आणि गाडी जागच्या जागी मेली. मागे रिक्षा, ट्रक, नव्या कपड्यांतली माणसं यांचा हा गोंधळ उडाला. गुरुदत्तने बॉनेट उघडलं, पंपाला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. मंडपातली मुलं धावत आली. "ठेलो, ठेलो," असं ओरडत त्यांनी गाडीला खांदे लावले. बायकांनाही उतरावं लागलं. प्रेमलताने पदर खोचला आणि मुलांच्या बरोबरीने गाडी ढकलू लागली. शकुनने हात लावला, पण जोर लावला नाही. सासूबाई कठड्याला धरून देवीचं नाव घेत होत्या. चढ काही सरेना.

तेवढ्यात पलीकडून श्यामरावची टॅक्सी आली. भाऊ दिसताच त्याने आतली माणसं हात जोडून उतरवली, भाडंही घेतलं नाही. डिकीतला दोर काढला, डिझेलगाडी मागे बांधली आणि टॅक्सी पहिल्या गिअरमध्ये घालून ओढायला लागला. म्हातारी टॅक्सी कण्हत कण्हत चढ चढली. शकुन नवऱ्याच्या शेजारी बसली होती. मागे दोराला बांधलेलं ते धूड आणि त्यात स्टिअरिंग धरून बसलेला दीर तिला आरशात दिसत होता. वर्षभरात तिला इतकं सुख झालं नव्हतं. घरी पोचेपर्यंत तिने आरशावरची नजर काढली नाही.

पूजेच्या सुट्ट्या संपल्यावर पंप पार्क सर्कसच्या बाजूला पंप दुरुस्त करणाऱ्या नंदीबाबूंच्या दुकानात गेला. संध्याकाळी गुरुदत्त परत आला तो पायऱ्यांवरच बसला.

"काय म्हणाले?" श्यामरावने विचारलं.

"एक दांडा नळीत अडकून बसला. त्याने पंपाचा शाफ्ट पिळला, आतला सगळा सांगाडा खरवडला. चारही जोड्या नव्या, शाफ्ट नवा, माल विलायतेचा. नंदीबाबूंनी आकडा सांगितला तो मला दोनदा विचारावा लागला. तेवढ्यात जुनी मोटार येते. आणि म्हणाले, चालत्या पंपाची पूजा करायला तो उघडणारी माणसं मी जन्मात पहिल्यांदा बघतोय. सगळं दुकान हसलं."

"पण अडकला कसा?"

"जोडी बदलली होती." गुरुदत्तने मान वर केली आणि दारात उभ्या बायकोकडे पाहिलं. "वाट्या तू देत होतीस."

"मी होत्या तशाच दिल्या," प्रेमलता म्हणाली.

"होत्या तशा दिल्यास तर बदलल्या कशा? हात थरथरले असतील, दांडा पडला असेल, उचलून भलत्याच वाटीत टाकला असशील. पडला का? सांग ना, पडला का?"

"नाही पडला."

सासूबाई बोलल्या नाहीत तोवर ठीक होतं. "मामाकडे वाढलेल्या पोरीला हत्याराची काय किंमत," त्या म्हणाल्या आणि त्या घडीपासून घरात तेच कायम झालं. गुरुदत्तने बायकोच्या हातचं पाणी घेणं सोडलं. काम टिकवायचं म्हणून त्याने साहेबांसाठी भाड्याची मोटार लावली आणि मिळायचं त्याहून जास्त तिथे जाऊ लागलं. पंधरा दिवसांत पंप झाला नाही तर कंपनी दुसरा माणूस बघणार होती. प्रेमलताने हातातल्या पाटल्या काढून पुढे ठेवल्या. त्या मुलाम्याच्या निघाल्या. मामाने फसवलं होतं. त्यावरूनही तिलाच ऐकावं लागलं. शेवटी सासूबाईंनी ठरवलं की दिवाळी झाली की तिला गोंदियाला मामाकडे धाडायचं, आणि परत कधी आणायचं ते बघू.

शकुन हे सगळं ऐकत होती आणि भाजी चिरत होती. खोटं कशाला सांगा, प्रेमलताला बोलणी बसत होती तेव्हा मनाच्या एका कोपऱ्यात तिला गारही वाटत होतं. मग एका रात्री जेवताना श्यामराव सहज सांगतो तसं म्हणाला, "टॅक्सी विकली मी. खिदिरपूरच्या एका सरदारजीने परवान्यासकट घेतली. पंपाचं भागेल."

शकुनच्या हातातला पळा वरणात पडला. "कुणाला विचारून?"

"विचारायचं काय त्यात? त्याचं महिन्याचं काम हातचं गेलं तर घरात येणारा ठरलेला पैसा जाईल. माझी टॅक्सी पेट्रोल पिऊन राहिलेलं घरी आणते. एक गाडी दोघं चालवू. दिवसा तो, संध्याकाळी मी."

"म्हणजे धाकट्या भावाचे ड्रायव्हर होणार तुम्ही?"

"गाडीला काय कळतंय, कोण थोरला नि कोण धाकटा," श्यामराव म्हणाला आणि ताक मागितलं.

त्या रात्री तिने डोक्यावरून पांघरूण घेतलं आणि तोंडात पदर कोंबून ती रडली. तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर कदाचित विक्री मोडली असती, पण सगळ्यांसमोर तिची शोभा झाली असती. ती गप्प राहिली. सरदारजी टॅक्सी न्यायला आला त्या पहाटेसुद्धा तिने सवयीने बादल्या आणून टॅक्सी धुतली. ओल्या गाडीत बसून तो परका माणूस गल्लीतून निघून गेला. गल्लीतल्या बायकांनी तिला काही विचारलं नाही. त्या तिच्या नजरेला नजर देईनात, हेच तिला जास्त लागलं.

नवा पंप बसला. गुरुदत्त दिवसा साहेबांना न्यायचा, संध्याकाळी किल्ली भावाच्या हातात द्यायचा. श्यामराव खाकी कोट घालून बाहेर पडायचा. भाडं मिळायला त्याला आता हॉटेलांच्या दाराशी ताटकळावं लागे, मीटर नव्हता, दरवान हाकलायचे. ते तो हसत सांगायचा.

दिवाळी दोन दिवसांवर आली. प्रेमलताचं गोंदियाचं तिकीट देवाच्या कोनाड्यात ठेवलेलं होतं. दोघी जावा चुलीपाशी बसून अनारशाचं पीठ मळत होत्या. प्रेमलता हल्ली फारशी बोलत नसे. त्या संध्याकाळी मात्र तीच बोलली.

"जाऊबाई, जाण्याआधी एक सांगू? मला तुमचा फार हेवा वाटतो."

"माझा?" शकुनचा हात थांबला.

"मोठ्या भावजींनी भावासाठी पोटापाण्याची टॅक्सी विकली. घरी येऊन कुणाला लागेल असा एक शब्द बोलले नाहीत. दरवान हाकलतात ते हसून सांगतात. आणि इकडे बघा. एका दांड्यासाठी माझं तिकीट निघालं. असा माणूस मिळायला नशीबच लागतं. मी रात्री पडल्या पडल्या तुमच्यावर जळते. वाईट वाटून घेऊ नका, खरं तेच सांगते."

धाकट्या जावेने आपल्यावर जळावं, एवढंच तर शकुनने वर्षभर देवाकडे मागितलं होतं. मिळालं ते हे असं मिळालं. ते तिला ना गिळता येईना, ना थुंकता येईना.

श्यामराव जेवायला बसला. त्याची निघायची वेळ झाली होती. गुरुदत्त किल्ली घेऊन आत आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. सासूबाई कोपऱ्यात माळ ओढत होत्या. शकुन भात वाढायला वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"दांडे मी बदलले," ती म्हणाली.

कुणाला कळलंच नाही. श्यामरावने विचारलं, "कसले दांडे?"

"पंपाचे. खंडेनवमीला. फूल दाखवायला आत आले तेव्हा. भावजींनी सांगितलं होतं, मला ठाऊक होतं. प्रेमाने होत्या तशाच वाट्या दिल्या. पहिलं कुंकू त्यांच्या गाडीला लावायला लावलंत, ते मला सहन झालं नाही. गाडी चार दिवस बंद पडावी म्हणून केलं. एवढं होईल असं वाटलं नव्हतं."

"ताटावर माणूस बसलाय गं," सासूबाई पुटपुटल्या. त्यांच्या हातातली माळ थांबली होती.

श्यामराव पुढ्यातल्या भाताकडे बघत होता. हातातला घास त्याने तोंडात घातला, पुष्कळ वेळ चावला आणि गिळला. मग अर्ध्या ताटावरून उठला. पानात अन्न टाकून तो कधी उठत नसे. मोरीत हात धुऊन, पुसून तो परत आला.

"गुरू, तिकीट परत करून ये," तो म्हणाला. "आणि तुझ्या बायकोची माफी माग. आईसमोर माग."

"होय दादा," गुरुदत्त म्हणाला.

श्यामरावने खुंटीवरचा कोट अंगात घातला, किल्ली घेतली. शकुन भाताचं भांडं धरून तशीच उभी होती. तो तिच्यावर ओरडला असता, हात उगारला असता, तर तिला बरं वाटलं असतं. तो तिच्या बाजूने गेला तेव्हा त्याने अंग चोरून घेतलं.

लग्न झाल्यापासून गाडीवर निघताना तो उंबऱ्यातून हाक द्यायचा, "शकुन, येतो गं." आणि ती हातात असेल ते काम न सोडता आतून म्हणायची, "या." पेट्रोल असो, डिझेल असो, दंगलीचे दिवस असोत, त्यात कधी खंड पडला नव्हता. आजही तो उंबऱ्यात थांबला. दाराशी प्रेमलता पिठाच्या हातांनी उभी होती. धाकट्या भावाच्या बायकोशी तो आजवर कधी समोरासमोर बोलला नव्हता. काय हवं नको ते शकुनकरवी विचारायचा.

"प्रेमा, येतो," तो म्हणाला.

प्रेमलताने एकदा मागे वळून थोरल्या जावेकडे पाहिलं. शकुनने मान खाली घातली.

"या," प्रेमलता हळूच म्हणाली.